लाइन गेली तरी गाणं सुरू: लिथियम बॅटरीवर घरचा साउंड चालवायचा तर काय बघायचं?

आरमोरीत मे महिन्यात वादळ आलं की लाइन जाते आणि सुरू असलेलं गाणं बंद पडतं. मग प्रश्न येतो: ई-बाइकमध्ये असते तशी लिथियम बॅटरी घरच्या ॲम्प्लिफायरला जोडता येईल का? येईल, पण आधी चार गोष्टी समजून घ्या.

कोणती बॅटरी घ्यावी?
घरासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे 'एलएफपी' बरी. मोबाइलमधल्या लिथियम सेलपेक्षा ती जास्त उष्णता सहन करते आणि सहसा पेट घेत नाही. एका सेलचे ३.२ व्होल्ट, म्हणून चार सेल ओळीने जोडले की १२.८ व्होल्ट होतात.

थेट जोडता येईल?
ॲम्प्लिफायरवर 'डीसी १२ ते २४ व्होल्ट' असं लिहिलं असेल तर हो. बॅटरीचा करंट डीसी असतो, त्यामुळे मेन लाइनमधून येणारी घूं-घूं बरीच कमी होते. फक्त २३० व्होल्टवर चालणाऱ्या होम थिएटरला मात्र इन्व्हर्टर लागतो. तो प्युअर साइन वेव्हचाच घ्या. स्क्वेअर वेव्हवर आवाजात गुणगुण येऊ शकते.

किती वेळ चालेल?
१२.८ व्होल्ट, २० ॲम्पिअर-अवर म्हणजे २५६ वॅट-अवर. त्यातले ८० टक्के वापरले तर साधारण २०५. क्लास-डी ॲम्प्लिफायर सरासरी ३० वॅट घेत असेल, तर साडेसहा तासांच्या वर चालेल. शेजारच्या वडसा-देसाईगंजची झाडीपट्टी नाटकं रात्रभर चालतात. तेवढा पल्ला हवा असेल तर बॅटरी मोठी लागेल.

धोका कुठे आहे?
• बीएमएस नसलेली बॅटरी घेऊ नका. जास्त चार्ज, जास्त डिस्चार्ज आणि शॉर्टसर्किट झाल्यास हेच सर्किट बॅटरी तोडतं.
• जुन्या इन्व्हर्टरचा लेड-ॲसिड चार्जर लावू नका. चार सेलच्या एलएफपीला १४.६ व्होल्टवर थांबणारा चार्जर लागतो.
• पॉझिटिव्ह वायरवर, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवा. १०० वॅटला सुमारे ८ ॲम्पिअर लागतात, म्हणून १० ॲम्पिअरचा फ्यूज ठीक.
• आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायचे असतात. टिनाच्या छपराखाली, भर दुपारी चार्जिंग टाळा.
• भंगारातल्या गाडीचे सेल काढून घरी पॅक बनवू नका. स्वस्तात मिळतात, पण आतून खराब झालेला सेल वरून ओळखता येत नाही.

बॅटरी फुगली, वास आला किंवा गरम झाली तर?
सुरक्षितपणे जमत असेल तरच वायर काढा. धूर दिसला तर काहीही वाचवायला थांबू नका. घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा आणि ११२ लावा. संपलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

थोडक्यात: एलएफपी, बीएमएस, योग्य चार्जर आणि फ्यूज. यातलं एकही नसेल तर लाइन येईपर्यंत थांबलेलं बरं.