'यमुनापर्यटन': अभिमान बाळगा, पण आधी वाचा

दरवर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, आमच्या ख्रिस्ती ग्रुपवर एक पोस्ट फिरते: मराठीतली पहिली कादंबरी ख्रिस्ती माणसानं लिहिली, अभिमान बाळगा! दुसरीकडचे लोक एका वाक्यात निकाल लावतात: तो तर मिशनऱ्यांचा प्रचार. दोन्हीकडच्या बऱ्याच जणांनी पुस्तक उघडलेलंही नसतं.

मी ख्रिस्ती आहे. म्हणूनच या पुस्तकाकडे जरा कडक नजरेनं बघावं असं मला वाटतं.

बाबा पदमनजी बेळगावचे, जन्म १८३१. १८५४ साली ते ख्रिस्ती झाले आणि १८५७ साली 'यमुनापर्यटन' आलं. विधवा पुनर्विवाहाचा कायदा आदल्याच वर्षीचा. यमुना आणि तिचा नवरा विनायक गावोगाव फिरतात, विधवांची हालत बघतात. पुढं विनायक मरतो, यमुना स्वतःच विधवा होते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि दुसरं लग्न करते.

यातला फिरण्याचा भाग आजही अस्सल वाटतो. केशवपन, घरातली हेटाळणी, कोंडमारा, हे सगळं त्या काळी छापून आणायला हिंमत लागत होती. लेखक इथं बायांचं ऐकतो. ख्रिस्ती वाचक म्हणून मला प्रभूची शिकवण दिसते ती इथंच.

शेवट मात्र पटत नाही. बाप्तिस्मा झाला की प्रश्न मिटला, इतकं सोपं असतं का? इथं लेखक ऐकायचं सोडून उपदेश करायला लागतो. प्रचाराचा आरोप इथं लागू पडतो, आपण तो मान्य करावा. पण तेवढ्यावरून अख्खं पुस्तक फेकून देणं हाही अन्यायच.

आता आपल्या भागाचं बोलू. १८५६ चा कायदा कंपनी सरकारच्या मुलखापुरता होता. नांदेड, लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात. म्हणजे इथल्या यमुनेला तोही आधार नव्हता.

आणि मराठवाड्यातले ख्रिस्ती मूळचे कोण? रेव्हरंड नारायण शेषाद्री स्वतः ब्राह्मण, १८४३ साली ख्रिस्ती झालेले. पण त्यांनी जालन्याकडं काम उभं केलं, जवळच बेथेल वसवलं, तेव्हा पुढं आले ते मुख्यतः महार-मांग समाजातले लोक. या समाजांत पाट लावायची चाल आधीपासून होती. आमच्या पणज्यांना अडवणारी गोष्ट होती जात: पाणवठा, वेस, वेठबिगार. त्या पणज्या 'यमुनापर्यटना'त नाहीत.

बाप्तिस्म्यानंतरही जात सुटली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. गाव जात विसरलं नाही, सरकारी कागद मात्र विसरला. यमुनेचा गोड शेवट वाचताना मला हे आठवतंच.

तेव्हा पदमनजींचा मान राखू, पण पुस्तक वाचून राखू. आणि या रविवारी उपासनेनंतर मंडळीतल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीजवळ बसा. तुमच्या घरात पहिला बाप्तिस्मा कुणाचा झाला, त्यानंतर गाव कसं वागलं, एवढं विचारा आणि लिहून ठेवा. पदमनजींच्या पुस्तकात जे नाही, ते तिच्याकडं आहे.