अतिया फैजींची वही

उर्दू साहित्याच्या इतिहासात अतिया फैजी हे नाव बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी संदर्भात येतं. मौलाना शिबली नोमानींनी त्यांना पत्रं लिहिली, अल्लामा इक्बाल यांनी लिहिली. त्या पत्रांच्या लिफाफ्यावरचं नाव एवढीच त्यांची ओळख आपल्यापर्यंत पोहोचली. पण १९०६ साली त्या मुंबईहून लंडनला गेल्या होत्या त्या शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला. आजच्या भाषेत सांगायचं तर परदेशात बी.एड. करायला. पेशाने शिक्षक असल्यामुळे असेल, मला त्यांची ही ओळख जास्त जवळची वाटते.

कॉलेजातली मुलंमुली हल्ली विचारतात, "सर, बाहेर शिकायला जायचं असेल तर सुरुवात कुठून करायची?" या प्रश्नाला फॉर्म, परीक्षा आणि पैसा अशी उत्तरं आहेतच. पण त्याआधी आपल्याच शहराचा इतिहास पाहिला तर एक वेगळं उत्तर सापडतं.

अतियांच्या आधीच्या पिढीपासून पाहू. मुंबईचे व्यापारी तय्यबअली यांनी आपल्या मुलांना विलायतेला पाठवलं, तेव्हा इंग्रजी शिक्षण म्हणजे दीन बुडाला असं मानणारे लोक सगळीकडे होते. थोरले कमरुद्दीन इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले. तिथे सॉलिसिटर झालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. धाकटे बद्रुद्दीन १८६० मध्ये निघाले तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचे होते. ते एकदम बॅरिस्टरीला गेले नाहीत. आधी तिथल्या शाळेत शिकले, मग लंडन विद्यापीठाची मॅट्रिक झाले आणि त्यानंतर मिडल टेम्पलमध्ये दाखल झाले. मध्येच डोळ्यांच्या दुखण्याने त्यांना गाठलं. १८६४ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून मुंबईला परतावं लागलं. वर्षभराने ते पुन्हा गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती, १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष हे सगळं आपण वाचलेलं असतं. एक वर्ष वाया गेलं म्हणून खचून जाणाऱ्या मुलांना मी मधला तो परतीचा प्रवास मुद्दाम सांगतो.

यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की बद्रुद्दीन निघाले तेव्हा विलायतेची माहिती घरात होती. कुठे उतरायचं, कुणाला भेटायचं, खर्च किती येतो, हे थोरल्या भावाला ठाऊक होतं. ज्यांच्या घरात असा भाऊ नव्हता त्यांचं काय? त्याचं उत्तर या भावांनी मुंबईत दिलं. १८७४ मध्ये त्यांनी नाखुदा महंमद अली रोगे आदींना सोबत घेऊन अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. व्हीटीसमोरची तिची इमारत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. घरातली शिदोरी समाजापुढे ठेवण्याची ती सुरुवात होती.

अतिया याच विस्तारलेल्या कुटुंबातल्या. त्यांचा जन्म १८७७ चा, इस्तंबूलमधला. थोरल्या बहिणी जोहरा आणि नाझली. नाझली बेगम आपल्या कोकणातल्या जंजिरा संस्थानच्या नवाबांच्या पत्नी होत्या. तय्यबजी घराण्यात एक सुंदर रिवाज होता. घरात एक वही ठेवलेली असे, तिला 'अखबार' म्हणत. प्रवास, पाहुणे, आजारपण, पुस्तकं, जे घडेल ते घरातल्या बायकापुरुषांनी त्यात लिहायचं. लिहिण्याचा हात अतियांना असा घरातच मिळाला.

सरकारी शिष्यवृत्ती मिळवून त्या लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजमध्ये दाखल झाल्या, तेव्हा त्यांचं वय २९ होतं आणि लग्न झालेलं नव्हतं. हे कॉलेज १८७८ मध्ये सुरू झालं होतं, माध्यमिक शाळांत शिकवणाऱ्या स्त्रियांना तयार करण्यासाठी. लंडनहून अतिया रोजच्या रोज लिहीत राहिल्या. बोटीचा प्रवास, वर्गातले तास, भेटलेली माणसं, पाहिलेल्या संस्था असं सगळं त्यात होतं. हा मजकूर त्या बहिणींना पाठवत. तो घरातच राहिला असता, तर आणखी एक 'अखबार' ठरला असता. पण लाहोरच्या 'तहजीब-ए-निसवाँ' या स्त्रियांच्या उर्दू साप्ताहिकात तो क्रमाने छापून आला आणि १९२१ मध्ये 'जमाना-ए-तहसील' या नावाने त्याचं पुस्तक झालं. शीर्षकाचा अर्थ 'शिक्षणाचे दिवस'.

अतियांनी अभ्यासक्रम पूर्ण केला नाही. प्रकृतीने साथ दिली नाही आणि १९०७ मध्ये त्या परत आल्या. आजच्या हिशोबाने पाहिलं तर नापास. डिग्री नाही, नोकरी नाही. पण पडद्यात राहून ते साप्ताहिक वाचणाऱ्या बायकांना आपल्यासारखीच एक बाई परक्या देशात कशी राहते, काय शिकते, कशाने दमते, हे घरबसल्या कळलं. कमरुद्दीन यांची माहिती भावाला मिळाली, अतियांची माहिती त्यांचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना मिळाली. माझ्या मते त्या प्रवासाची हीच खरी कमाई आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घरी ना विलायत पाहिलेला भाऊ होता, ना अशी वही. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार. पुढे लंडनमध्ये शिकत असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास सोडून परतावं लागलं. निघताना त्यांनी एक काम मात्र केलं. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवली. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि नवल भथेना या मित्राची मदत घेतली आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी दलित विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्त्या मिळवल्या, त्यात परदेशी शिक्षणाच्याही होत्या. स्वतः ज्या वाटेवर ठेचा खाल्ल्या, ती मागून येणाऱ्यांसाठी थोडी सारखी करून ठेवली.

आता आपल्या कांजूरमार्गकडे पाहू. इथे स्टेशनला उतरून पवईच्या आयआयटीत जाणारी मुलं रोज आपल्या डोळ्यांसमोरून जातात. त्यांचे सीनियर अमेरिकेत, जर्मनीत असतात. कुठला अर्ज कधी निघतो, उद्देशपत्रात काय लिहायचं, शिफारसपत्र कोणत्या प्राध्यापकाकडून घ्यायचं, हे त्यांना मेसमध्ये जेवता जेवता कळतं. त्याच स्टेशनजवळच्या चाळीत राहून भांडुप-विक्रोळीकडच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला हीच माहिती एजंटकडून विकत घ्यावी लागते आणि ती खरी की खोटी हे तपासायला कुणी नसतं. दोघांमधलं अंतर रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांचं असेल. हुशारीत तेवढंही नाही. फरक माहितीत आहे.

पैशाची अडचण तर आहेच. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज भरणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाली. व्याजाचं कर्ज काढावं की नाही, यावरच आपल्या कित्येक घरांत विषय संपतो. पण जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेला जे. एन. टाटा एन्डोमेंट आजही मुंबईतच आहे आणि सर्व समाजांना खुला आहे. त्याची शिष्यवृत्ती कर्जाच्या रूपात मिळते. शिकून आलेल्याने परत केलेल्या पैशावर पुढचा शिकायला जातो. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क जवळपास नसतं, राहण्याखाण्याचा खर्च मात्र आधी खात्यात दाखवावा लागतो. हे आपल्या किती पालकांना ठाऊक आहे?

वेळेचंही तसंच. सप्टेंबरमध्ये वर्गात बसायचं असेल तर तयारी आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात सुरू व्हायला हवी. पासपोर्ट, विद्यापीठाकडून गुणपत्रकांच्या अधिकृत प्रती, इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रं, या प्रत्येकाला आठवडे लागतात. निकाल हातात पडल्यावर धावपळ करणाऱ्याचं एक वर्ष तिथेच जातं.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. आपल्या वस्तीतून, शाळेतून, मशिदीच्या जमातीतून जो कुणी बाहेर शिकायला गेला असेल, त्याने एक वही भरावी. अर्ज किती केले, नकार किती आले, पैसा कुठून उभा केला, पहिल्या महिन्यात काय खाल्लं, घरच्यांना कसं तयार केलं, हे सगळं लिहावं. अर्धवट सोडून परत आलेल्यानेही लिहावं, त्याने तर आधी लिहावं. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, मोबाइलवर बोलून ठेवा. आणि ती वही घरात ठेवू नका. शाळेच्या वाचनालयात द्या, मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत ठेवा. मुलीला पाठवू की नको या विचारात पडलेले एखादे अब्बा ती वाचतील, आणि त्या मुलीला अर्ज भरायला एक वर्ष आधी सुरुवात करता येईल.