अकरावीचा फॉर्म: खिडकीपासून पोर्टलपर्यंत

२००९ च्या आधी भिवंडीत अकरावीचा प्रवेश म्हणजे निव्वळ पायपीट. बीएनएनचा फॉर्म वेगळा, रईसचा वेगळा, कल्याण-ठाण्याच्या कॉलेजांचे आणखी वेगळे. प्रत्येक खिडकीवर रांग, प्रत्येक नोटीस बोर्डावर वेगळी मेरिट लिस्ट. पावरलूमवर काम करणाऱ्या बापाचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली.

२००९ साली मुंबईत ऑनलाइन प्रवेश सुरू झाला, २०२५ मध्ये तो राज्यभर लागू झाला. पहिल्याच दिवशी, २१ मे रोजी, पोर्टल बसलं आणि नोंदणी २६ मेपासून पुन्हा सुरू करावी लागली. म्हणजे शेवटच्या रात्रीचा भरवसा धरू नका!

रांग गेली, पण एक गोष्टही गेली. खिडकीवरचा क्लार्क निदान विचारायचा, "दाखला कुठाय?" आता पोरगं एकटंच मोबाईलवर दहा पसंतीक्रम भरतं. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि घेतलं नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. सायबरवाला मुंबईचं नावाजलेलं कॉलेज पहिल्या नंबरला टाकून मोकळा होतो. पण भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा लाइनवर, तिथे लोकल मुंबईसारख्या मिळत नाहीत. रोज जाणार कसं?

म्हणून क्रम घरी बसून, कागदावर, प्रवासखर्चासकट ठरवा. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आधीच काढून ठेवा. आणि शाळांनो, निकालानंतर आठवडाभर एक शिक्षक तरी मदतीला बसवा. तेवढं आपण मागायलाच हवं.