सुंकघात, करोडगिरी आणि व्हिसाची प्रतीक्षा

परराज्यात पाऊल ठेवणाऱ्याने हद्दीवर काय भरावे आणि आपण कोण हे कशाने सिद्ध करावे, हा प्रश्न पासपोर्ट आणि व्हिसा यांच्या युगातला आहे अशी सर्वसाधारण समजूत आहे. पालि आणि संस्कृत वाङ्मय पाहिल्यास ती टिकत नाही. बीड जिल्ह्याच्या वाचकास तर हा प्रश्न केवळ ग्रंथातून कळलेला नाही. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आष्टीचा शेतकरी अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) बाजाराला निघाला की तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असे.

विनयपिटकात जकातीच्या ठाण्यास ‘सुंकघात’ अशी संज्ञा आहे. पाराजिक कांडातील दुसऱ्या नियमाच्या पदभाजनीत त्याची व्याख्या येते. डोंगरातील खिंड, नदीचा उतार किंवा गावाची वेस येथे, आत येणाऱ्याकडून शुल्क घेण्यासाठी राजाने बसविलेले ठाणे म्हणजे सुंकघात. याच प्रकरणात दोन लहान कथा शेजारी शेजारी आहेत. एका प्रवाशाने जकातीचे ठाणे दिसताच भिक्खूच्या नकळत त्याच्या थैलीत रत्न टाकले आणि ठाणे ओलांडल्यावर काढून घेतले. या भिक्खूला दोष लागला नाही. दुसऱ्या कथेत भिक्खूने ते रत्न जाणूनबुजून पलीकडे नेऊन दिले. तो पाराजिक ठरला, म्हणजे संघातून कायमचा गेला. पाचित्तियातील सहासष्टावा नियमही अशाच प्रसंगातून निघाला. राजगृहाहून निघालेला एक तांडा जकात चुकविणार आहे हे ठाऊक असून एक भिक्खू त्याच्याबरोबर चालला. राजाच्या माणसांनी वाटेत तांडा पकडला आणि भिक्खूला अडवून, जाब विचारून मग सोडले.

या नियमांचा उल्लेख बहुधा तत्कालीन अर्थव्यवस्थेचा पुरावा म्हणून होतो. आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ठाण्यावर दोन गोष्टी पाहिल्या गेल्या: माल कोणता आणि नेणाऱ्याला त्याची जाणीव होती का. भिक्खूचे कुळ कोणते, हा प्रश्न या कथांत कोणीही विचारीत नाही.

मालावरून माणसाकडे वळणारी व्यवस्था कौटिलीय अर्थशास्त्रात स्पष्ट दिसते. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात ‘मुद्राध्यक्ष’ नावाचा अधिकारी आहे. त्याने एक माषक घेऊन मुद्रा, म्हणजे शिक्क्याचा परवाना, द्यावा. तो जवळ असेल त्यालाच जनपदात येता किंवा जनपदातून जाता येई. विनापरवाना सापडलेल्या स्वदेशीयास बारा पण दंड होता आणि खोट्या मुद्रेस पहिल्या प्रतीचा साहसदंड. खोटी मुद्रा बाळगणारा परदेशी असेल तर दंड सर्वांत वरच्या प्रतीचा. शुल्क, ओळखपत्र, देशी-परदेशी हा भेद आणि बनावट कागदाची शिक्षा, या चारही गोष्टी येथे एकाच ठिकाणी आहेत.

आपल्या दक्षिणापथाविषयीही एक नोंद आहे. इ. स. ३९९ मध्ये चीनहून निघालेला फाहियान दक्षिणेत आला नाही, पण ऐकलेली माहिती त्याने लिहून ठेवली. रस्ते बिकट आहेत, तिकडे जाऊ इच्छिणाऱ्याने आधी राजाला द्रव्य आणि भेटी द्याव्यात, मग राजा वाटाडे देतो, असे तो सांगतो. सातव्या शतकात ह्युएन त्संग मात्र महाराष्ट्रात येऊन गेला. तो चीनची हद्द परवान्याविना, लपूनछपून ओलांडून निघाला होता. पुढे काओचांगच्या राजाने वाटेतल्या राज्यांसाठी त्याला चोवीस पत्रे दिली. आजच्या भाषेत बोलायचे तर पासपोर्ट नव्हता, शिफारसपत्रे होती. त्याहून फार पूर्वी, सुत्तनिपातातील बावरीचे सोळा शिष्य गोदावरीकाठाहून पतिट्ठान, माहिस्सती, उज्जेनी अशी मजल करीत तथागतांच्या भेटीस गेले. तेथे कोणत्याही ठाण्याचा उल्लेख नाही. गाथेला जकातीशी कर्तव्य नसावे. हे पतिट्ठान म्हणजे पैठण. पैठण आणि तेर या दोन प्राचीन पेठांच्या मधला मुलूख तोच आजचा बीड जिल्हा होय.

आता निजामी हद्दीकडे वळू. बऱ्याच अंतरापर्यंत सीना नदी ही दोन राज्यांची सीमा होती. मात्र ही सीमा सरळ नव्हती. ब्रिटिश जामखेड तालुक्याची कित्येक गावे निजामाच्या मुलखाने वेढलेली होती. संस्थानचे जकात खाते ‘करोडगिरी’ या नावाने ओळखले जाई. १८०२ च्या व्यापारी तहाने मालावरील जकात किमतीच्या शेकडा पाच ठरली होती. नाणेही वेगळे होते. सहा कलदार रुपयांना साधारण सात हाली रुपये पडत. शेजारच्या बाजारातून परतणाऱ्याला जकातीबरोबर ही वटणावळही सोसावी लागे. मात्र संस्थानच्या प्रजेला ब्रिटिश मुलखात जाण्यास व्हिसा लागत नसे. ओळखीचा कागद लागे तो नोकरीसाठी. १९१९ च्या फर्मानाने सरकारी नोकऱ्या ‘मुल्की’ लोकांसाठी राखल्या गेल्या, आणि बाहेरून आलेल्याला मुल्की ठरण्यास संस्थानात पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागे.

कागद न मागणाऱ्या या हद्दीवर काही माणसांना मात्र वेगळाच प्रश्न विचारला जाई. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींना ‘व्हिसाच्या प्रतीक्षेत’ हे शीर्षक दिले. १९३५-३६ च्या सुमाराचे हे इंग्रजी टिपण १९ मार्च १९९० रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. शीर्षकात व्हिसा आहे, पण मजकुरात त्याचे स्पष्टीकरण नाही. परदेशी वाचकाला अस्पृश्यता समजावी म्हणून ते लिहिले गेले. परदेशी माणसाला ओळखीचा शब्द शीर्षकात यावा, यामागे आमच्या मते योजना आहे.

त्यातील तीन प्रसंग आमच्या विषयाशी अगदी लागून आहेत. पहिला १९०१ चा. मसूर स्टेशनवर उतरलेली मुले बैलगाडीने निघाली आणि रात्री टोलनाक्यावर पोहोचली. गाडीवानाच्या सल्ल्याने बाल भीमरावांनी आपण मुसलमान असल्याचे सांगून उर्दूत पाणी मागितले, तरी ते मिळाले नाही. दुसरा बडोद्याचा. पारशी पथिकाश्रमात दिवसाला दीड रुपया भरून, नोंदवहीत पारशी नाव लिहून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. पैसे भरले होते, वहीत नोंदही होती, पण दोन्ही निरुपयोगी ठरले. तिसरा प्रसंग १९३४ चा, निजामाच्या हद्दीतला. वेरूळची लेणी पाहण्यास निघालेली मंडळी दौलताबादला थांबली आणि किल्ल्याच्या वेशीजवळील हौदावर त्यांनी हातपाय धुतले. पाणी बाटवले म्हणून ओरड झाली. अखेर किल्ल्यात प्रवेश मिळाला तो आतल्या पाण्याला स्पर्श न करण्याच्या अटीवर, आणि बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन. प्रवेशाच्या परवान्याला अट जोडून मागे पहारा लावावा, असा व्हिसा कोणत्या परक्या राष्ट्राने दिला असता?

हीच हद्द पुढे चळवळीच्या उपयोगी पडली, हा इतिहास मराठवाड्याबाहेर फारसा सांगितला जात नाही. संस्थानात सभा-भाषणांवर निर्बंध होते. म्हणून मराठवाड्यातील अस्पृश्यांची परिषद ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नडजवळ मक्रणपूर येथे, त्या वेळच्या ब्रिटिश हद्दीत भरली. भाऊसाहेब मोरे तिचे प्रमुख संयोजक. ‘जय भीम’ हे अभिवादन त्यांनी याच परिषदेत रूढ केले, असे मराठवाड्यातील परंपरा सांगते. फेब्रुवारी १९४१ मधील महार-मांग वतनदार परिषदही कसबे तडवळ्याला झाली. आज धाराशिव जिल्ह्यात असलेले हे गाव तेव्हा ब्रिटिश अमलाखाली होते. निजामाच्या प्रजेला बाबासाहेबांचे शब्द ऐकण्यासाठी परराज्यात जावे लागले. केज-अंबाजोगाईकडून तडवळे फार लांब नाही, पण राज्य दुसरे होते.

१४ ऑक्टोबर १९५६ चा धम्मदीक्षा समारंभही या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्या दिवशी बीड हैदराबाद राज्यात होते आणि नागपूर मध्य प्रदेशात. बीडहून दीक्षाभूमीला गेलेला माणूस राज्याची हद्द ओलांडून गेला. अठराव्या दिवशी, १ नोव्हेंबरला, दोन्ही ठिकाणे द्विभाषिक मुंबई राज्यात आली.

दीक्षेनंतर कागदाचा प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. बौद्ध झालेल्यांच्या अनुसूचित जातींच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र राज्याने १९६० मध्ये आपल्यापुरत्या त्या दिल्या, परंतु केंद्राच्या कायद्यात बौद्धांचा समावेश होण्यास १९९० उजाडले. ‘व्हिसाच्या प्रतीक्षेत’ छापले गेले तेच हे वर्ष. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, एका राज्यातील अनुसूचित जातीचा दर्जा दुसऱ्या राज्यात स्थलांतर करणाऱ्याबरोबर जात नाही. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा आजही मागितला जातो. त्या तारखेस बीड महाराष्ट्रात नव्हते आणि महाराष्ट्र राज्यही नव्हते. पुरावा म्हणून जी जुनी खासरा पत्रके किंवा शाळेचे दाखले पुढे करावे लागतात, त्यांतले कित्येक उर्दूत आहेत. ते वाचणारा माणूस शोधण्यापासून अर्जदाराच्या कामास सुरुवात होते.