सेव्हरस स्नेप या पात्राचे वाचकीय अन्वयार्थ

सेव्हरस स्नेप हे ब्रिटिश लेखिका जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर या सात कादंबऱ्यांच्या मालिकेतील (१९९७–२००७) एक पात्र आहे. हॉगवर्ट्स या जादूविद्येच्या शाळेतील या कठोर शिक्षकाकडे वाचकांनी खलनायक, गुप्तहेर, शोकांत नायक आणि एकनिष्ठ प्रियकर अशा परस्परविरोधी दृष्टींनी पाहिले आहे. मालिका पूर्ण होईपर्यंत 'स्नेप कोणाच्या बाजूचा' हा वादाचा विषय होता. त्यानंतर 'त्याच्या प्रेमामुळे त्याच्या क्रौर्याचे परिमार्जन होते काय' हा प्रश्न वादाच्या केंद्रस्थानी आला.

== कथेतील चित्रण ==

पहिल्या कादंबरीत (१९९७) नायक हॅरी व त्याचे मित्र स्नेपवर परीस चोरण्याच्या कटाचा संशय घेतात. प्रत्यक्षात क्विरेल हा दुसराच शिक्षक दोषी निघतो आणि स्नेपने हॅरीचा जीव वाचवल्याचे उघड होते. वाचकाने प्रथम संशय घ्यावा आणि नंतर तो मागे घ्यावा, अशी ही रचना पुढेही वारंवार आढळते.

वर्गात मात्र स्नेप पक्षपाती व अपमानकारक वागतो. तिसऱ्या कादंबरीत (१९९९) नेव्हिल लाँगबॉटम या विद्यार्थ्याची सर्वांत मोठी भीती म्हणून स्नेपचेच रूप समोर येते. पाचव्या कादंबरीत (२००३) हॅरीचे वडील जेम्स यांनी विद्यार्थिदशेत स्नेपचा केलेला छळ दिसतो. त्याच प्रसंगी स्नेप आपल्या मदतीला आलेल्या लिलीला जन्मावरून हिणवणारी शिवी देतो. लिली ही पुढे हॅरीची आई होते.

सहाव्या कादंबरीच्या (२००५) शेवटी स्नेप मुख्याध्यापक डंबलडोर यांची हत्या करतो. सातव्या कादंबरीत (२००७) मरताना तो आपल्या आठवणी हॅरीला देतो. त्यांतून त्याचे लिलीवरील बालपणापासूनचे प्रेम, डंबलडोर यांच्यासाठी केलेली हेरगिरी आणि डंबलडोर यांची हत्या त्यांच्याच सांगण्यावरून झाली होती, या गोष्टी स्पष्ट होतात.

== मालिका पूर्ण होण्यापूर्वीचे तर्क ==

सहावी कादंबरी १६ जुलै २००५ रोजी, तर सातवी २१ जुलै २००७ रोजी प्रकाशित झाली. या दोन वर्षांत स्नेपविषयीची चर्चा शिगेला पोहोचली. डंबलडोर यांची अखेरची विनवणी जिवासाठी होती की ठरल्याप्रमाणे मृत्यू देण्यासाठी, यावर वाचकांत दोन तट पडले. त्यांचा वाळलेला हात आणि स्नेपने घेतलेली न मोडता येणारी शपथ हे तपशील दोन्ही पक्षांनी पुरावा म्हणून मांडले. 'बॉर्डर्स' या अमेरिकी पुस्तकविक्री साखळीने दोन्ही बाजूंची स्टिकरे वाटली. याच वादावर 'द ग्रेट स्नेप डिबेट' (२००७) हे पुस्तकही निघाले. त्याच्या लेखकांत ऑर्सन स्कॉट कार्ड यांचा समावेश होता.

काही तर्क पुढे चुकीचे ठरले. 'सेव्हरस स्नेप' या नावाची रोमन अक्षरे फिरवली असता 'पर्सियस इव्हान्स' असे नाव तयार होते. लिलीचे माहेरचे आडनाव इव्हान्स असल्याने स्नेप तिचा नातलग असावा, असा निष्कर्ष काहींनी काढला. हा तर्क रोमन लिपीवर अवलंबून असल्याने बाळ ऊर्ध्वरेषे यांच्या मराठी अनुवादाच्या वाचकाला तो केवळ देवनागरी मजकुरावरून सुचणे शक्य नाही. स्नेप रक्तपिपासू पिशाच्च असल्याचा तर्कही प्रचलित होता.

== प्रेमकथेचे अन्वयार्थ ==

सातव्या कादंबरीनंतर स्नेप आणि लिली यांच्या नात्याकडे पाहण्याच्या दोन प्रमुख दिशा निर्माण झाल्या.

पहिल्या दिशेनुसार स्नेप हा निरपेक्ष प्रेमाचा आदर्श आहे. त्याच्या जादूतून प्रकटणारी संरक्षक हरिणी लिलीच्या हरिणीसारखीच असते. प्रतिसादाची कोणतीही आशा नसताना तो आयुष्यभर धोका पत्करतो. काही वाचकांनी पहिल्या कादंबरीतील त्याच्या पहिल्याच प्रश्नाचाही या दृष्टीने अर्थ लावला. त्यात ॲस्फोडेल व वर्मवुड या वनस्पतींचा उल्लेख आहे. व्हिक्टोरियन काळातील फुलांच्या सांकेतिक भाषेच्या आधारे त्यात लिलीच्या मृत्यूविषयीचा पश्चात्ताप दडला आहे, असे ते मानतात. हा अर्थ कादंबरीत कोठेही सांगितलेला नाही.

दुसऱ्या दिशेनुसार हे प्रेम स्वामित्वाच्या भावनेने ग्रासलेले आहे. भविष्यवाणीची बातमी व्होल्डेमॉर्टपर्यंत स्नेपनेच पोहोचवली होती. नंतर त्याने केवळ लिलीला वाचवण्याची विनंती केली. तिचा पती आणि तान्हे मूल यांची त्याला पर्वा नव्हती, याबद्दल डंबलडोर त्याची निर्भर्त्सना करतात. लिलीच्या मुलाचे रक्षण करतानाच त्याने त्या मुलाचा वर्षानुवर्षे अपमान केला, याकडेही हे वाचक लक्ष वेधतात. हॅरी आपल्या मुलाचे नाव 'ॲल्बस सेव्हरस' ठेवतो, हा उपसंहारातील तपशील म्हणूनच सर्वाधिक वादग्रस्त ठरला. एका पक्षाला तो क्षमाशीलतेचा पुरावा वाटतो, तर दुसऱ्याला छळाचे विस्मरण.

चाहत्यांनी रचलेल्या कथांमध्ये, म्हणजे 'फॅन फिक्शन'मध्ये, या दोन्ही भूमिका आढळतात. सर्पदंशातून स्नेप वाचला असता तर काय झाले असते, ही त्यांतील एक लोकप्रिय कल्पना आहे.

== चित्रपटांचा प्रभाव ==

२००१ ते २०११ या काळातील आठ चित्रपटांत ॲलन रिकमन (१९४६–२०१६) यांनी ही भूमिका केली. कथेच्या आरंभी स्नेपचे वय एकतीसच्या आसपास आहे, तर रिकमन पहिल्या चित्रपटाच्या वेळी ५५ वर्षांचे होते. पात्राचे रहस्य उलगडण्यापूर्वीच रोलिंग यांनी त्यांना त्याविषयी एक सूचक माहिती दिली होती. चित्रपटांत विद्यार्थ्यांच्या अपमानाचे अनेक प्रसंग वगळलेले किंवा सौम्य केलेले आहेत. त्यामुळे चित्रपटांतून स्नेपची ओळख झालेल्या प्रेक्षकांचे मत पुस्तकांच्या वाचकांपेक्षा अधिक सहानुभूतीचे असते, असे मानले जाते.

== लेखिकेची भूमिका ==

ऑगस्ट २००४ मध्ये एडिनबरा येथील ग्रंथमहोत्सवात रोलिंग यांनी स्नेपच्या लोकप्रियतेविषयी आश्चर्य व्यक्त केले आणि तिचा संबंध वाईट पुरुषांविषयी वाटणाऱ्या आकर्षणाशी जोडला. २००७ मध्ये त्यांनी त्याला दोषयुक्त नायक मानले. नोव्हेंबर २०१५ मध्ये ट्विटरवर त्यांनी तो संतही नाही आणि सैतानही नाही, अशी भूमिका मांडली.

या खुलाशांनी वाद मिटला नाही. लेखकाचा हेतू हा संहितेच्या अर्थाचा अंतिम आधार नव्हे, ही फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये मांडलेली भूमिका या संदर्भात उपयुक्त ठरते. स्नेपचे बहुतेक चित्रण हॅरीच्या दृष्टिकोनातून येते आणि त्याचे अंतरंग मुख्यतः एकाच प्रकरणातील आठवणींतून उलगडते. उरलेल्या जागा वाचक आपल्या अनुभवाने भरतात: शाळेत अपमान सोसलेल्या वाचकाला त्याच्यात नेव्हिलचा शिक्षक दिसू शकतो, तर एकाकीपणा सोसलेल्याला जेम्सने छळलेला मुलगा.

== अभ्यास ==

संशोधक झोई ऑल्डरटन यांनी २०१४ मध्ये 'रिलिजन्स' या नियतकालिकातील लेखात 'स्नेपवाइव्ह्ज' या छोट्या गटाचा अभ्यास केला. या गटातील स्त्रिया स्नेपशी आपले आध्यात्मिक नाते असल्याचे मानत. काल्पनिक कथेवर आधारित श्रद्धेचे उदाहरण म्हणून या लेखात त्याचे विवेचन आहे.