दख्खनच्या ताटातील कडधान्ये

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकातील जळके दाणे सापडले असून, त्यांत जवाबरोबर मसूर, वाटाणा आणि कुळीथ यांचाही समावेश आहे. यावरून तृणधान्य आणि द्विदल धान्य एकत्र खाण्याची रीत दख्खनच्या पठारावर किमान तीन हजार वर्षांची असावी, असे अनुमान काढता येते.

ही रीत टिकली ती केवळ जिभेच्या आवडीमुळे नव्हे, तर कोरडवाहू शेतीच्या घडणीमुळे. ज्वारी-बाजरीच्या पिकात तूर, मटकी, हुलगा यांचे पाटे टाकले जात. पाऊस दगा देई तेव्हा त्यांतले एखादे पीक तरी हाती लागे, आणि द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र धरून ठेवत असल्याने जमिनीचा कसही राही. कोकणात भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर वाल आणि कुळीथ निघत. देशावरचा हुलगा आणि कोकणातला कुळीथ हे एकच धान्य. देशावर त्याच्या पिठात लसूण-तिखट घालून, ते मळून, हातावर वळलेली शेंगोळी फोडणीच्या उकळत्या पाण्यात शिजवली जात, तर कोकणात त्याचीच पिठी भाताबरोबर खाल्ली जाई. मटकी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणण्याची पद्धत तर घरोघरी होती.

या आहाराचे वैद्यकीय मोल उमगायला मात्र विसाव्या शतकाची अखेर यावी लागली. कमरेचा वाढलेला घेर, वाढलेला रक्तदाब, उपाशीपोटी वाढलेली साखर, ट्रायग्लिसराइड या चरबीचे जादा प्रमाण आणि एचडीएल या हितकर कोलेस्टेरॉलची कमतरता, या पाचांपैकी तीन लक्षणे एकत्र आढळली की त्यास चयापचय लक्षणसमूह, अर्थात मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणतात. त्याच्या मुळाशी इन्सुलिनला दाद न देणारे शरीर आहे, हे सूत्र अमेरिकी वैद्य जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये ठळकपणे मांडले. त्याआधीच, १९८० मध्ये, डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडधान्ये खाल्ल्यावर रक्तातील साखर इतर पिष्टमय अन्नांच्या मानाने पुष्कळच कमी चढते, असे दाखवले होते. याचे कारण दाण्याच्या रचनेत आहे: त्याच्या पेशींच्या भिंती शिजल्यावरही बऱ्याच अंशी शाबूत राहतात, त्यामुळे आतले पिष्ट सावकाश पचते आणि न पचलेला भाग मोठ्या आतड्यातील जिवाणूंच्या उपयोगी पडतो. दळलेल्या पिठात या भिंती फुटतात. म्हणून अख्ख्या मटकीची उसळ या बाबतीत पिठल्यापेक्षा सरस ठरते, आणि ज्यात डाळीपेक्षा पाणीच अधिक असते त्या वरणाकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही.

नेमक्या याच विसाव्या शतकात जुनी घडी विस्कटली. कालव्यांच्या पाण्याखाली ऊस आला, हरितक्रांतीने गहू-तांदळाला सुधारित बियाणे, खत आणि खात्रीचा खरेदीदार दिला, आणि शिधावाटप दुकानांतून मुख्यतः हीच दोन धान्ये मिळू लागली. देशात दरडोई दररोज उपलब्ध असणारी डाळ १९५१ मध्ये सुमारे ६१ ग्रॅम होती, ती २००१ पर्यंत सुमारे ३० ग्रॅमवर आली. याच घसरणीने मधुमेह वाढला असे म्हणणे अतिरेकाचे होईल, कारण बैठे काम, साखर, तेल यांचाही वाटा मोठा आहे. तरीही पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवल्याप्रमाणे भारतीय शरीर दिसायला सडपातळ असूनही चरबी बाळगून असते, हे ध्यानात घेता या समाजाने ताटातले कडधान्य गमावणे अधिकच महागात पडणारे आहे.

हे नुकसान स्वयंपाकघरापेक्षा धोरणातून अधिक झाले आहे, आणि त्याची दुरुस्तीही तेथूनच सुरू व्हायला हवी. केंद्राच्या हमीभावाच्या यादीत कडधान्यांपैकी तूर, मूग, उडीद, हरभरा आणि मसूर आहेत. इनामगावच्या शेतकऱ्यालाही ठाऊक असलेला कुळीथ आणि कोरडवाहू रानात तग धरणारी मटकी तिच्यात नाहीत.