सोमलाची साक्ष : बडोद्याचा पेला व बंगालच्या विहिरी

आर्सेनिकाच्या कुळातील तीन पदार्थांना मराठीत जुनी नावे आहेत : पांढरा सोमल, पिवळा हरताळ व तांबडी मनशीळ. पोथीतील चुकलेल्या अक्षरांवर लेखनिक हरताळाचा लेप देत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच रूढ झाला. वैद्य सोमलाचे शोधन करून तो औषधात वापरीत आणि मारेकरी तोच अन्नात कालवीत. नाशिक जिल्ह्यातील वणीसारख्या गावी पिढ्यान्‌पिढ्या काळ्या पाषाणात खोदलेल्या विहिरींचे पाणी प्याले गेले. पण सोमल विहिरीच्या पाण्यातच असू शकेल, ही कल्पना लोकांच्या किंवा शासनाच्या मनास शिवली नाही. सोमल म्हणजे कोणीतरी कोणाला तरी घातलेले विष, हीच समजूत दृढ होती. ह्या समजुतीचे परिणाम दूरवर पोचले.

सोमलाला चव नाही, वास नाही, पाण्यात विरघळल्यावर रंगही नाही. म्हणून युरोपातही विषप्रयोगाचे कित्येक खटले पुराव्याअभावी फसत. इ. स. १८३६ मध्ये जेम्स मार्श ह्या इंग्रज रसायनज्ञाने आपली परीक्षा प्रसिद्ध केली. संशयित पदार्थावर जस्त व आम्ल ह्यांची क्रिया करून निघणारा वायू जाळला असता थंड काचेवर काळसर चकाकता थर बसतो व अत्यल्प आर्सेनिकही ओळखता येतो. १८४१ मध्ये राइन्श ह्याने तांब्याच्या पत्र्यावरील सोपी परीक्षा दिली. तेव्हापासून न्यायालयात रसायनशास्त्राची साक्ष निघू लागली.

हिंदुस्थानात ह्या साक्षीचा सर्वांत गाजलेला प्रसंग बडोद्यास घडला. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी सकाळी रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेर ह्यांनी नित्याप्रमाणे ठेवलेल्या पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले. प्रकृती बिघडल्यासारखी वाटून त्यांनी उरलेले सरबत फेकून दिले. परंतु पेल्याच्या तळाशी गाळ दिसताच तो राखून ठेवला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड ह्यांना त्यात सोमल आढळला व मुंबईचे सरकारी रसायन-परीक्षक डॉ. ग्रे ह्यांनी त्यास दुजोरा दिला. सोमलाबरोबर कठीण चकाकती पूडही होती. ती हिऱ्याची असल्याचे बोलले गेले.

संशय महाराज मल्हारराव गायकवाड ह्यांच्यावर गेला. त्यांचे व रेसिडेंटांचे वैर जगजाहीर होते. मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर ह्यांनी तपास केला आणि जानेवारी १८७५ मध्ये महाराजांस अटक झाली. चौकशीसाठी सहा जणांचे कमिशन नेमले गेले. कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड कौच त्याचे अध्यक्ष होते. सर रिचर्ड मीड, मेल्विल, ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव हे इतर सभासद होते. महाराजांच्या बचावासाठी लंडनहून बॅलंटाइन हे नामांकित वकील आले.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की वादाचा भर गाळात सोमल होता की नाही ह्यावर नव्हता. तो पेल्यापर्यंत पोचला कसा, हा खरा प्रश्न होता. रेसिडेन्सीतील हवालदार रावजी व जमादार नरसू आणि महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत ह्यांच्या जबान्यांवर सरकारपक्षाची मदार होती. आणि हे साक्षीदार स्वतःच गुन्ह्यात भागीदार असल्याचे सांगत होते. बॅलंटाइन ह्यांनी पोलिसांच्या तपासावर व ह्या जबान्यांच्या विश्वसनीयतेवर हल्ला चढविला. शेवटी कमिशन दुभंगले. तिघा इंग्रज सभासदांनी महाराजांस दोषी मानले. तिघा हिंदी सभासदांच्या मते आरोप सिद्ध झाला नाही. सरकारने एप्रिल १८७५ मध्ये महाराजांस पदच्युत केले ते विषप्रयोगाच्या निर्णयाच्या आधारे नव्हे, तर गैरकारभाराचे कारण देऊन. मल्हारराव १८८२ मध्ये मद्रास येथे वारले.

ह्या घटनेचा धागा नाशिक जिल्ह्यात येऊन मिळतो. खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई ह्यांनी २७ मे १८७५ रोजी मालेगावजवळच्या कवळाणे गावातील गोपाळराव नावाच्या बारा वर्षांच्या मुलास दत्तक घेतले. तेच पुढे महाराज सयाजीराव झाले. एका पेल्यातील गाळाने एका संस्थानाचे भवितव्य बदलले. पण ते गाळाच्या परीक्षेने ठरविले नाही. परीक्षेने विष दाखविले, अपराधी दाखविला नाही.

बंगालमध्ये ह्याच्या नेमके उलट घडले. तेथे अपराधी नव्हता, म्हणून परीक्षाच झाली नाही. उघड्या तळ्यांच्या पाण्याने पटकी व अतिसार पसरत, म्हणून १९७० नंतरच्या काळात युनिसेफच्या साहाय्याने बांगलादेशात कूपनलिकांचा मोठा प्रसार झाला. हेतू जीव वाचविण्याचाच होता. परंतु हिमालयातून वाहून आलेल्या गाळातील लोहाच्या ऑक्साइडांना आर्सेनिक चिकटलेले असते. सेंद्रिय द्रव्याच्या कुजण्याने जमिनीखालचा प्राणवायू संपला की ही ऑक्साइडे विरघळतात व आर्सेनिक पाण्यात उतरते. जो माणूस दर लिटरला ५० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असलेले पाणी रोज तीन लिटर पितो, त्याच्या पोटात रोज १५० मायक्रोग्रॅम जाते. हे प्रमाण मारक मात्रेच्या सुमारे हजाराव्या हिश्शाइतके असते. त्यामुळे कोणी तडकाफडकी आजारी पडत नाही व कोणाला संशयही येत नाही. वर्षांनी कातडीवर डाग उठतात, तळहात-तळपाय राठ होतात आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो.

१९८३ च्या सुमारास कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकसंस्थेतील डॉ. के. सी. साहा ह्यांनी पश्चिम बंगालमधील अशा रुग्णांचा संबंध कूपनलिकांच्या पाण्याशी जोडला. बांगलादेशात दूषणाची खात्री १९९३ मध्ये पटली. जागतिक आरोग्य संघटनेने मर्यादा ५० वरून १० मायक्रोग्रॅमवर आणली तीही त्याच वर्षी. पुढील व्यापक पाहणीत बांगलादेशातील उथळ कूपनलिकांपैकी २७ टक्के ५० मायक्रोग्रॅमच्या वर आढळल्या.

१९९२ मध्ये ब्रिटिश भूवैज्ञानिक संस्थेने तेथील काही विहिरींचे पाणी तपासले होते. त्या तपासणीत आर्सेनिकाचा समावेश नव्हता. त्यावरून एका बांगलादेशी रहिवाशाने इंग्लंडात दावा लावला. २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला : ज्या घटकाचा शोध घेण्याचे काम संस्थेने पत्करलेच नव्हते, त्याबद्दल तिच्यावर त्या रहिवाशाप्रत कर्तव्य येत नाही, असा निवाड्याचा आशय होता. बडोद्यास रेसिडेंटाच्या पेल्यातील गाळ तत्काळ परीक्षकाकडे गेला. खेड्यातील घागरीला परीक्षक मिळण्यास दशके लागली आणि ती परीक्षा करणे कोणावर बंधनकारक होते, हा प्रश्न न्यायालयातही त्या रहिवाशाच्या विरुद्ध सुटला.

वणीच्या परिसरात बंगालची भूरचना नाही. तेथील पाणी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बसाल्टाच्या झिजलेल्या थरांत व फटींत साठते. म्हणून बंगालमधील प्रक्रिया तेथे घडण्याचा संभव कमी. परंतु खडकावरून बांधलेले अनुमान पुरेसे नसते. गडचिरोलीच्या सीमेलगत, तेव्हाच्या राजनांदगाव जिल्ह्यातील कौडीकसा येथे गाळाचा प्रदेश नसताना, कठीण खडकांच्या भागात, १९९९ मध्ये विहिरींतील आर्सेनिक व त्याने पीडित झालेले लोक उजेडात आले.

इतिहासाच्या अभ्यासकास ह्यातून साधनपरीक्षेचा एक नियम मिळतो. जुन्या जलपरीक्षणाच्या अहवालात सोमलाचे नाव नसणे हा सोमल नसल्याचा पुरावा होत नाही. असा अहवाल हाती आला, की त्यात काय सापडले हे वाचण्याआधी काय शोधले होते, ह्याची यादी पाहावी लागते. यादीत सोमल नसेल, तर त्या विहिरीविषयी अहवालाने काहीच सांगितलेले नाही, असेच समजावे लागते.